ए३८०च्या पंखातील रिब-फूटच्या भेगा

ए३८० हे एअरबसचं मोठं प्रवासी विमान. त्याच्या पंखातील रिबला (आतल्या आडव्या फासळीला) पंखाच्या पत्र्याशी जोडणारे एल-आकाराचे ब्रॅकेट म्हणजे रिब-फूट. ते ज्याचे होते तो ७४४९ अॅल्युमिनियम मिश्रधातू कमी लवचीक. जोडणीत फट जबरदस्तीने आवळली की ताण आत राहतो आणि भेग पडते.

ताफ्यात तपासणीचा क्रम उड्डाणचक्रांवर (एक उड्डाण आणि उतरणं म्हणजे एक चक्र) ठरवा. युरोपीय नियामकाच्या जानेवारी २०१२च्या आदेशात १८०० चक्रांपुढच्या विमानांना तपासणीसाठी ४ दिवस किंवा १४ उड्डाणांचीच मुदत होती.

रिब-फूट पंखातल्या इंधनटाकीत असतात, म्हणून टाकी रिकामी करा, हवा खेळवा, वायू मोजूनच आत उतरा. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. उच्च-वारंवारतेचा एडी करंट प्रोब (धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून भेग शोधणारं उपकरण) फिरवा. भेगाळलेला ब्रॅकेट बदला. नवा बसवताना फट मोजून शिम (फट भरणारी पातळ पट्टी) घाला, बोल्टने ओढू नका (घाईत हेच होतं!). कायमच्या दुरुस्तीत ७०१० मिश्रधातू वापरला गेला.