गणपतीत शाडूच्या मूर्तीची शपथ ऑनलाइन घ्यायचीय? मग अशी घ्या

गणपती चार दिवसांवर आले की सगळ्यांच्या स्टेटसला 'यंदा इको-फ्रेंडली बाप्पा' झळकतं, पण तोवर मूर्ती बुक झालेली असते, ती पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) असली तर कोण बदलणार आता? म्हणून शपथेची पोस्ट आषाढातच टाका. पावसाळी हवेत शाडू वाळायला वेळ लागतो, त्यामुळे बरेच मूर्तिकार ऑर्डर लवकर घेतात आणि लवकर बंदही करतात.

आता लिहायचं काय. 'पर्यावरण वाचवूया' नको, त्यात करायचं काय तेच कळत नाही. असं लिहा: 'आमच्याकडे यंदा शाडूची नऊ इंची मूर्ती, थर्माकोल नाही, विसर्जन घरीच बादलीत.' हे नंतर कुणीही विचारू शकतं ना, झालं का म्हणून! कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलात हे करून बघितलंय, 2013 मध्ये तो अभ्यास छापून आला. चेक-इन करताना ज्यांनी टॉवेल परत वापरायचं नेमकं कबूल केलं आणि वर त्याची खूण म्हणून कोटाला लावायला पिनही घेतली, त्यांनी टॉवेल पुन्हा वापरायचं प्रमाण 25 टक्क्यांहून जास्त वाढलं. म्हणजे नेमकं बोलायचं आणि चारचौघांत दिसेल असं बोलायचं. आपली पिन म्हणजे डीपीवरची फ्रेम किंवा स्टेटस.

आणि हे अनोळखी फॉलोअर्ससाठी नाही तर सोसायटीच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका, कारण आरतीला तीच माणसं घरी येणार आहेत. पण ग्रुपवर टाकायच्या आधी तीन-चार घरांशी प्रत्यक्ष बोलून घ्या, मग त्यांच्या पोस्टही पाठोपाठ पडतात आणि बाकीच्यांना वाटतं की अरे, आपल्या विंगमध्ये बरेच जण करतायत. जवळच्या शाडूवाल्या मूर्तिकाराचा पत्ता आणि साधारण किंमत पोस्टमध्येच द्या, हे फार महत्त्वाचं आहे, कारण इच्छा असून कुठे मिळते तेच माहीत नाही म्हणून कितीतरी जण राहून जातात.

ज्यांच्याकडे पीओपी आलीच असेल त्यांना ग्रुपवर टोचू नका प्लीज. पुण्यात एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात पीओपी विरघळवायची पद्धत शोधलीय, महापालिकेने ती पावडर वाटलीयसुद्धा, त्यांना हे सांगा, तेही मग घरीच विसर्जन करतील.

विसर्जनाचाही फोटो टाकायचाच, नाहीतर शपथ अर्धीच राहते. आम्ही संध्याकाळी मूर्ती बादलीत ठेवली तेव्हा आधी बुडबुडे आले, मग बोटं आणि सोंड सुटली, सकाळी तळाशी नुसता मऊ गाळ. वरचं पाणी कुंड्यांना घातलं, माती पेपरवर वाळवली आणि मूर्तिकाराला परत नेऊन दिली. तो फोटो बघून दोन शेजाऱ्यांनी तेव्हाच पुढच्या वर्षीसाठी नंबर मागून घेतला.