रशियाला निघालेल्या नागपूरकरांनो, आधी तोंड उघडा

माझं सासर रशियात. उन्हाळ्यात माहेरी, नागपूरच्या महालात आले की संध्याकाळी आमच्या घरी गर्दी होते. सप्टेंबरात रशियाला निघालेली पोरं, त्यांचे आईवडील, एखादा नोकरीवर निघालेला इंजिनियर, आणि आजकाल रशियन मुलीशी किंवा मुलाशी लग्न ठरलेलं कुणीतरी. प्रश्न ठरलेले असतात, म्हणून आधी तेच संपवते. जाकीट आणि बूट तिकडेच घ्या. बर्डीवरचं जाकीट रशियातल्या काझान शहराच्या नोव्हेंबरला पुरत नाही. कुकर न्या. तूरडाळ मोठ्या शहरांत मिळते, महाग पडते. आपल्या बँकांची व्हिसा-मास्टरकार्डं मार्च २०२२ पासून तिथे चालत नाहीत, सुरुवातीचे पैसे रोख असू द्या. पोहोचल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत राहत्या पत्त्याची नोंद व्हावी लागते. ती घरमालक किंवा विद्यापीठ करतं, पण मागे तुम्हीच लागायचं.

भाषेचं कुणी विचारत नाही. "तिकडे गेल्यावर येऊनच जाते ना," म्हणतात. नाही येत. चार आपलेच लोक एका फ्लॅटमध्ये, त्यांतला एक सिनियर सगळ्यांच्या वतीने बोलणारा, अशी वर्षानुवर्षं काढलेली माणसं मी बघते. त्यांना दुकानात "पकेत नूझेन?" म्हणजे पिशवी हवी का, एवढं समजतं. त्यापुढे मोबाइल काढतात.

मुळाक्षरं नागपुरातच शिकून घ्या. तेहतीस आहेत, आठवडाभरात होतात. हे मी हौस म्हणून सांगत नाही. तिथे तुमच्या पासपोर्टचं, मार्कशीटचं रशियनमध्ये भाषांतर होतं, त्यावर नोटरीचा शिक्का बसतो, आणि त्यात तुमचं नाव कसं लिहिलंय ते तुम्हाला वाचता आलं पाहिजे. वानखेडे आडनाव घ्या. एक भाषांतरकार 'व'ने सुरुवात करतो, दुसरा इंग्रजी डब्ल्यू बघून 'उ'ने. आपला 'ह' त्यांच्याकडे नाही. गांधींचं 'गांदी', नेहरूंचं 'नेरू' आणि दिल्लीचं 'देली' त्यांनी कधीच करून टाकलंय. तुमच्या देशमुखांचं आणि मेश्रामांचं काय होईल ते भाषांतरकाराच्या मर्जीवर. व्हिसावरच्या रशियन नावाचं एक स्पेलिंग आणि मार्कशीटच्या भाषांतरात दुसरं, म्हणजे सरकारी कागदावर तुम्ही दोन वेगळी माणसं. यवतमाळच्या एका मुलाचं हेच झालं. कागद सिनियरने आणले, "इथे सही कर" म्हणाला, याने केली. फरक कळला तेव्हा पुन्हा भाषांतर, पुन्हा नोटरी, पुन्हा रांग, आणि तोवर अर्जाची मुदत गेलेली. म्हणून भाषांतरकाराच्या हातात व्हिसाची झेरॉक्स द्या, हेच स्पेलिंग हवं म्हणून सांगा, आणि शिक्का बसायच्या आधी प्रत्येक कागदावर आपलं नाव अक्षर-अक्षर स्वतः वाचा. सिनियरने वाचलंय हे पुरेसं नाही. एजंटने वाचलंय हे तर मुळीच नाही.

आता व्याकरण. लोक त्याचा उगाच धसका घेतात, कारण ते इंग्रजीवरून रशियन शिकतात. मराठीवरून शिका. थंडी वाजली की रशियन माणूस "म्ने खोलद्ना" म्हणतो, 'मला थंडी' अशीच रचना. आवडतं, हवंय, झोप येत नाही, सगळीकडे आपल्यासारखं 'मला'. डोकंही तिथे आपल्यासारखंच दुखतं, इंग्रजीसारखं 'माझ्याजवळ डोकेदुखी आहे' असं नाही. लिंगं तीन, पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, आणि भूतकाळात क्रियापद त्यांच्यामागे जातं: तो गेला, ती गेली, ते गेलं. हिंदीवाले इथे अडखळतात, आपण नाही. वर्तमानकाळात तर 'मी जातो' आणि 'मी जाते' हा भेदही त्यांच्याकडे नाही. विभक्त्या सहा. शाळेत 'स, ला, ते, स, ला, ना, ते' घोकलेल्या माणसाने सहा विभक्त्यांना घाबरावं? 'नागपूर'चं आपण नागपुरात, नागपुराहून करतो, ते "व नाग्पूरे", "इझ नाग्पूरा" करतात. शब्दाचं शेपूट तिकडेही हलतं, इकडेही.

क्रियापदांच्या जोड्या मात्र खरोखर त्रास देतात. 'चिताल' म्हणजे वाचत होता, 'प्रचिताल' म्हणजे वाचून संपवलं. आपल्या बोलीत हे आधीच आहे. पुण्याचे लोक आपल्या 'वाचून राहिलो होतो'ला हसतात, हसू द्या. 'वाचून राहिलो होतो' आणि 'वाचून टाकलं' यांतला फरक ज्याच्या कानात आहे त्याला ही जोडी पुस्तकाआधी समजते. जाण्याची क्रियापदं वेगळी डोकेदुखी. पायी जाणं वेगळं, वाहनाने जाणं वेगळं; एकदाच जाणं वेगळं, नेहमी जाणं वेगळं. सुट्टीत भारतात जातोय हे पायी जाण्याच्या क्रियापदाने सांगितलंत तर समोरच्याला वाटेल तुम्ही नागपूरच्या झिरो माइलपर्यंत चालत निघालात. उच्चारात आघात, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा ते, सांभाळा. आघात नसलेला 'ओ' 'अ'सारखा होतो, म्हणून दूध लिहायचं मोलोको आणि म्हणायचं मलाको. पहिल्या अक्षरावर जोर दिला तर 'झामक' म्हणजे किल्ला, दुसऱ्यावर दिला तर 'झमोक' म्हणजे कुलूप. हाताने लिहिलेला 'त' इंग्रजी एमसारखा दिसतो. डॉक्टरच्या चिठ्ठीपुढे हात टेकू नका, सवय होते.

काझानला जाणाऱ्यांसाठी आणखी एक. कानावर 'किताप' किंवा 'दोन्या' पडलं आणि किताब-दुनिया आठवली तर ते रशियन नव्हे, तिथल्या तातार लोकांची तातार भाषा आहे. तिथल्या मेट्रोत घोषणा तातारमध्येही होतात.

जास्त सांगायचंय ते नात्यांबद्दल. रशियन बायको किंवा नवरा असला की भाषा आपोआप येईल, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. होतं उलटं. ओळख इंग्रजीत झालेली असते, लाडही इंग्रजीतच, आणि बाहेरची सगळी कामं रशियन बोलणारं माणूस करून टाकतं. बँक तीच बघते, घरमालकाशी तीच बोलते, डॉक्टरची वेळही तीच घेते. चंद्रपूरचे एक गृहस्थ असेच मजेत होते. बायको दुसऱ्या बाळंतपणासाठी दवाखान्यात, घरी मोठ्या मुलाला रात्री सणकून ताप, आणि यांनी रुग्णवाहिकेच्या १०३ला फोन लावला. पलीकडून पत्ता विचारला. यांना रस्ता आणि घर नंबर आला. पुढे 'पद्येझ्द' कोणता, म्हणजे इमारतीचं कितवं दार, मजला कोणता, 'दमाफोन'चा, म्हणजे दारावरच्या इंटरकॉमचा, आकडा काय, यातलं काही येईना. शेवटी शेजारणीला उठवलं. मुलगा बरा झाला, पण त्या रात्रीनंतर गृहस्थांनी शिकवणी लावली. तेव्हा पहिल्या आठवड्यात पाठ करायचं ते हेच: आपला पूर्ण पत्ता, पद्येझ्द, मजला आणि दमाफोनच्या आकड्यासकट, झोपेतून उठवलं तरी सांगता येईल असा.

आमच्या घरी नियम होता: जेवताना फक्त रशियन. भांडताना ज्याला जी सुचेल ती. नवऱ्याने मला दुकानात मदत करायची नाही, मी अडकले तरी नाही. तो बाजूला उभा राहून हसायचा, तेव्हा राग यायचा.

खरी शिकवणी सासूबाईंच्या दाचावर झाली. दाचा म्हणजे गावाबाहेरचं छोटं घर आणि त्याभोवतीची भाजीची जमीन. मे ते सप्टेंबर शनिवार-रविवार तिथेच जातात. बटाटे लावताना, काकड्यांचं लोणचं घालताना माणूस आज्ञार्थातच बोलतो: धर, आण, ठेव, हात लावू नको. 'अत्क्रोय' म्हणजे उघड, पण उघडू नको म्हणायचं तर 'नि अत्क्रिवाय', क्रियापदच बदलतं. 'नको' आलं की बहुतेक वेळा जोडीतलं 'वाचून राहिलो'वालं रूप लागतं, हे मला बादल्या उचलताना समजलं. सासूबाई प्रत्येक वाक्य मधेच तोडून दुरुस्त करायच्या. तिकडे सगळेच करतात, बसमधली अनोळखी बाईसुद्धा. आपली पोरं याला अपमान समजून गप्प बसतात. अरे बाप्पा, फुकटची शिकवणी आहे ती, घ्या.

मुलांनो, तुमच्यासाठी खास. प्रेयसीकडून किंवा घरमालकिणीकडून शिकलात तर तिचं ऐकून तुम्हीही 'या पश्ला' म्हणू लागाल. म्हणजे 'मी गेले'. पुरुषाने 'या पशोल' म्हणायचं. भंडाऱ्याचा एक दाढीमिशावाला पोरगा सहा महिने सगळीकडे 'मी आले, मी जेवले' करत फिरत होता आणि कुणी त्याला सांगेना, इतकं त्यांना ते गोड वाटत होतं.

तू आणि तुम्ही आपल्यासारखंच आहे, फक्त त्यांच्या 'तू'चा उच्चार आपल्या 'ती'च्या जवळ जातो आणि 'तुम्ही'ला ते 'वी' म्हणतात. मोठ्यांना 'वी', आणि सोबत नाव अधिक वडिलांचं नाव: वडील इवान असतील तर बाई इवानोव्ना, पुरुष इवानोविच. 'तू' म्हणायला सुरुवात त्यांनी करू द्या. अनोळखी बाईला काकू, मावशी म्हणायची आपली सवय इथे ठेवून जा. पन्नाशीच्या बाईला आजीचं 'बाबुश्का' म्हणालात तर ती तुम्हाला ते विसरू देणार नाही. फुलं नेली तर विषम संख्येत, सम संख्या अंत्यविधीला.

आपल्या लोकांबद्दल एक तक्रार. संस्कृत आणि रशियन बहिणी आहेत, द्वि-द्वा, त्रि-त्री, अग्नि-अगोन, यावर तास-तास बोलणारे भेटतील. खरं आहे ते. पण त्यांतल्या बहुतेकांना बसमध्ये पुढच्या माणसाला "वी विखोदिते?", उतरताय का, एवढं विचारता येत नाही, आणि ते आपल्या स्टॉपच्या पुढे जाऊन उतरतात.

डॉक्टरकीला निघालेल्यांनो, तुमचा कोर्स इंग्रजीत असेल, रुग्ण इंग्रजीत नसतो. वॉर्डात गेल्यावर आजीबाई पोटात कुठे, कसं, केव्हापासून दुखतंय ते आपल्या भाषेत भराभर सांगतात, आणि दुभाषा हाताशी असेलच असं नाही. पहिल्या वर्षापासून वसतिगृहातली स्वच्छतेची बाई, दारावरची पहारेकरीण यांच्याशी रोज पाच मिनिटं बोला. त्यांना वेळ असतो, त्या हळू बोलतात, आणि नातवंडांबद्दल विचारलं की थांबत नाहीत. फोनवरचं बोलणं सगळ्यात अवघड, कारण समोर चेहरा नसतो. म्हणून पॉलिक्लिनिकची वेळ पहिल्यांदा घ्याल तेव्हा वाक्यं कागदावर लिहून घ्या, आणि पलीकडची बाई खेकसली तरी फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नका.