समुद्री माशातले जंत: सोलापूरकरांनो, या चुका टाळा

बांगड्याचं पोट उघडलं की आतड्यांवर, यकृतावर, कधी गाबोळीला चिकटून पांढुरकी, चपटी वेटोळी दिसतात. डास पळवायच्या कॉइलसारखी. नखानं सोडवून बघा, दोन-तीन सेंटिमीटरचा बारीक दोरा सुटतो, आणि तो जिवंत असला तर वळवळतो. मासळीवाल्या मावशी बोटानं उडवतात आणि म्हणतात, "काय होत न्हाई ताई, धुतलं की जातंय."

धुतल्यानं वरचे जातात, मांसात शिरलेले जात नाहीत. हा अ‍ॅनिसाकिस नावाच्या गोलकृमीचा अळीचा टप्पा आहे. त्याचं खरं घर देवमासे, डॉल्फिन आणि सील यांचं जठर. अंडी त्यांच्या विष्ठेतून समुद्रात पडतात, अळ्या कोळंबीच्या जातीतल्या बारीक जिवांत जातात, तिथून मासे आणि माकूल यांच्यात. माणूस या साखळीत चुकून येतो. आपल्या पोटात हा जंत वाढून अंडी घालू शकत नाही, पण जिवंत गिळला गेला तर जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरात तोंड खुपसतो. माणसातला हा आजार 1960 मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला. तिथं हेरिंग मासा कच्चा किंवा जेमतेम खारवून खायची पद्धत होती.

आपण सोलापुरात मासा शिजवूनच खातो, त्यामुळे धोका मुळात कमी आहे. उरलेला धोका पुढच्या चुकांतून येतो.

"मासा ताजा आहे, म्हणजे जंत नसणार"

ही समजूत सगळ्यात पक्की आणि सगळ्यात चुकीची. जंत माशात तो समुद्रात पोहत असतानाच असतो, शिळेपणाशी त्याचा संबंध नाही. लाल कल्ले, चमकदार डोळे, घट्ट मांस हे सगळं बघून घ्याच, पण त्यावरून जंत कळत नाही. उघड्यावर ठेवलेल्या माशावर माशीच्या अळ्या दिसल्या तर ती गोष्ट वेगळी; तो मासा खराब ठेवलेला आहे, घेऊच नका.

अख्खा मासा तसाच फ्रीजमध्ये ठेवणं

मासा मेल्यावर अळ्या आतड्यांतून पोटाकडच्या मांसात सरकू शकतात. किनाऱ्यावरून आपल्याकडं येईपर्यंत मासा आधीच बराच वेळ बर्फात असतो, आणि बर्फानं अळ्या मरत नाहीत. तेव्हा बाजारातच पोट साफ करून घ्या. घरी आल्यावर पोटाची पातळ बाजू उजेडासमोर धरून बघा, शंका वाटली तर तेवढा भाग कापून टाका. गाबोळी टाकू नका, पण तीही नीट निरखून घ्या.

लिंबू, मीठ, हळद यांवर भिस्त ठेवणं

लिंबू चोळून तासभर मुरवलं की मांस पांढरं, घट्ट होतं आणि शिजल्यासारखं दिसतं. अळी मात्र माणसाच्या जठरातल्या आम्लातही टिकते, तिथं लिंबाचं काय चालणार? स्पेनमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या छोट्या माशांतून लोकांना हा आजार झालेला आहे. मॅरिनेशन चवीसाठी भरपूर करा, सुरक्षिततेसाठी फक्त आच.

मोठ्या आचेवर जाड तुकडी

आपल्या स्वयंपाकघरात खरी फसगत इथं होते. रस्सा खळखळ उकळतो, त्याची काळजी नाही. सुरमईची दोन बोटं जाड तुकडी रवा लावून कडक तव्यावर टाकली की बाहेरून कुरकुरीत होते आणि काट्याजवळ गुलाबी, चिकट राहते. अळी मरायला तुकडीच्या मधोमध 63 अंश सेल्सिअस तरी तापमान जायला हवं. थर्मामीटर नसेल तर तुकडी पातळ कापून घ्या, आच मध्यम ठेवा, वर झाकण ठेवा. काट्यापासून मांस सहज सुटलं आणि आतपर्यंत अपारदर्शक पांढरं झालं की उतरवा.

घरचा फ्रीझर पुरेसा मानणं

कच्चा मासा खायचाच असेल तर तो उणे 20 अंशाला सात दिवस गोठवलेला हवा, असा अमेरिकी अन्नसुरक्षेचा नियम आहे. एकाच दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा सहसा तितका थंड होत नाही, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात वीज गेली की आणखीच पंचाईत. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली आपली मुलं आता सुशी खातात. त्यांनी खुशाल खावी, फक्त मासा आधी गोठवलेला होता का हे हॉटेलात विचारावं.

उजनीच्या चिलापी, रोहू, कटल्यात अ‍ॅनिसाकिस नसतो, तो समुद्राचाच. गोड्या पाण्यातल्या माशांचे जंत वेगळे असतात, त्यामुळे धरणाचा मासाही अर्धाकच्चा नकोच.

पोटदुखीला अ‍ॅसिडिटी समजून बसणं

कच्चा किंवा अर्धवट शिजलेला समुद्री मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटाच्या वरच्या भागात तीव्र कळा, मळमळ, उलट्या सुरू झाल्या तर दवाखान्यात जा आणि काय खाल्लं, केव्हा खाल्लं हे आपणहून सांगा. आपल्या भागात डॉक्टरांच्या मनात हा आजार चटकन येणार नाही. जठरात अळी असेल तर एंडोस्कोपीनं ती चिमट्यात धरून काढता येते आणि दुखणं लगेच उतरतं. आतड्यात गेली तर त्रास काही दिवसांनी सुरू होतो आणि अपेंडिक्ससारखा भासतो. घरातली जंताची गोळी घेऊन वाट बघत बसू नका.

शिजलेल्या माशातली मेलेली अळी चुकून खाल्ली तर संसर्ग होत नाही. मात्र तिच्यातली काही प्रथिनं शिजवूनही टिकतात. मासा नीट शिजलेला असूनही कुणाला दर वेळी अंगावर पित्ताच्या गांधी उठत असतील, तर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना माशाबरोबर अ‍ॅनिसाकिसबद्दलही विचारा. ओठ सुजले, श्वास लागला तर थांबू नका, थेट इमर्जन्सीत जा.

हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे रुग्णाला वेगळं ठेवायची गरज नाही. पण तोच मासा घरात आणखी कुणी खाल्ला असेल, तर त्यांचं पोट कसं आहे ते त्याच दिवशी विचारून घ्या.