तलावाकाठी सहा सेकंद

काकांच्या बंद झालेल्या स्टुडिओतून माझ्या वाट्याला दोन वस्तू आल्या: झेनिट-ई हा जुना रोलचा कॅमेरा आणि एक लोखंडी ट्रायपॉड. तो खांद्यावर टाकून निघाले की शेजारच्या काकू विचारतात, "काय गं, मांडव घालायला चाललीस का?" एकदा मांडला की तो हलवायचा जीव होत नाही. म्हणून सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावर पोचल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवते आणि आधी काठाने रिकाम्या हाताने फेरी मारते. पाण्यापलीकडे भुईकोट किल्ल्याचा तट कुठून नीट बसतो ते ठरलं की मगच स्टँड उघडायचा. एका सकाळी तीन फोटो म्हणजे खूप झाले.

जायचं ते थंडीत, सूर्य वर यायच्या आत. उन्हाळ्यात आठलाच ऊन भाजायला लागतं आणि दगडांच्या फटी नुसत्या काळ्या होऊन बसतात.

स्टँडचा मधला दांडा वर करू नका, तो वर केला की तीन पायांचा एकच पाय उरतो. पाण्याच्या बाटल्यांची पिशवी मध्ये बांधा, पण तिचा तळ जमिनीला टेकू द्या. लोंबकळली तर वाऱ्यावर झोके घेते.

माझी लेन्स हेलिओस ४४-२, ५८ मिमी. उजेड आत सोडणाऱ्या छिद्रासाठी तिला दोन रिंगा आहेत. एकीवर छिद्राच्या मापाचा आकडा लावायचा, मी एफ/११ म्हणजे बारीक छिद्र लावते. दुसरी पूर्ण उघडून फोकस करायचा आणि मग ती अडेपर्यंत बंद करायची. पहिल्या वर्षी ही दुसरी रिंग मी अख्ख्या रोलभर विसरले. उजेड जास्त गेला आणि छत्तीसच्या छत्तीस निगेटिव्ह तव्यासारख्या काळ्या!

कॅमेऱ्यातलं उजेड मोजायचं मीटर कधीच मेलंय. मोबाइलचं मीटर अ‍ॅप आकाशाकडे नाही, तटाच्या अंधाऱ्या भागाकडे धरा, जिथले दगडाचे सांधे फोटोत दिसायला हवेत तिथे. मीटर अंधारही करडा करायला बघतं, म्हणून सोळा सेकंद आले तर त्याचा चौथा हिस्सा घ्या, म्हणजे चार. पण सेकंदाच्या वर फिल्म आळसावते. माझ्या कृष्णधवल फिल्मला, इलफर्ड एफपी४ प्लसला, चाराचे सहा द्यावे लागतात, आठाचे चौदा.

झेनिटला १/३० च्या खाली फक्त 'बी' आहे, म्हणजे बटण दाबून धराल तोवर शटर उघडं. बटणाला दाबायची केबल लावायची, लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा (लेन्सला न टेकवता), केबल दाबून अडकवायची. कॅमेऱ्यातल्या आरशाचा धक्का विरेपर्यंत थांबायचं, मग पुठ्ठा बाजूला. घड्याळात सहा सेकंद, पुन्हा पुठ्ठा, मग केबल सोडायची. हे काकांनी शिकवलं. तेवढ्यात कुणी फिरायला आलेले आजोबा "पेपरात येणार का?" विचारतात, मान हलवायची, बोलायचं नाही.

फिल्म धुणं घरीच. आयडी-११ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) तितकंच पाणी घालून, २० अंशाला ११ मिनिटं. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी मार्चपासूनच चहाला चालेल असं, म्हणून मी माठातलं घेते. कोरड्या हवेत माठ छान गार होतो. तरी थर्मामीटर बुडवाच. २४ अंश भरलं तर साधारण साडेसात मिनिटं पुरतात.

फिक्सरनंतर (चित्र पक्कं करणारं रसायन) फिल्म नळाखाली अर्धा तास धुवा असं जुने लोक सांगतात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या घरात हे कसं जमायचं? इलफर्डचीच रीत बरी: फिल्म ठेवायची छोटी बंद टाकी पाण्याने भरून पाच वेळा उलटसुलट करा, ओता; नवं पाणी, दहा वेळा; परत नवं, वीस वेळा. दीड लिटरच्या आत फिल्म स्वच्छ. शेवटचं बुचकळणं मात्र बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके आकाशावर बसले की निघता निघत नाहीत.

मग बाथरूममध्ये दोरीला चिमटा, खाली दुसरा वजनाला. पंखा बंद, दार बंद, आणि घरच्यांना आंघोळ दुपारनंतर.