विद्युत क्षेत्र शिकवताना या चुका टाळा

स्थितिक विद्युतचे गणित अडले की सूत्र पाठ नसेल, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा सूत्र पाठच असते. घोडे अडते ते दुसरीकडेच: क्षेत्र कोणाचे आणि बल कोणावर, हेच मुलांच्या मनात वेगळे झालेले नसते.

‘क्षेत्र म्हणजे बल भागिले प्रभार’ हे वाचले की हुशार मुलेही सांगतात, परीक्षण प्रभार (क्षेत्र तपासायला तिथे ठेवलेला प्रभार) दुप्पट केला तर क्षेत्र निम्मे होईल. प्रभाराबरोबर बलही दुप्पट होते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. इथे समजावत बसू नका, आकडे मांडायला लावा. 2 मायक्रोकूलोम प्रभारापासून 30 सेंटिमीटरवर क्षेत्र 2 लाख न्यूटन प्रति कूलोम येते. तिथे 3 मायक्रोकूलोम ठेवला तर बल 0.6 न्यूटन, 6 मायक्रोकूलोम ठेवला तर 1.2 न्यूटन. भागाकार दोन्ही वेळा 2 लाखच. मग विचारा, हा ठेवलेला प्रभार उचलून घेतला तर? बल उरत नाही, क्षेत्र उरते. या प्रश्नावर वर्गात वाद झाला तर होऊ द्या. तास सत्कारणी लागला समजा.

याच गोंधळातून पुढची चूक येते. 1 आणि 4 मायक्रोकूलोमचे प्रभार समोरासमोर असले की ‘मोठा लहानाला चौपट जोराने ढकलतो’ असे उत्तर मिळते. बल दोघांवर सारखेच, फक्त दिशा उलट. चौपट असते ते मोठ्या प्रभाराचे तेवढ्याच अंतरावरचे क्षेत्र.

ऋण चिन्ह सूत्रात घालून उत्तराच्या चिन्हावरून दिशा ठरवण्याची सवय मोडावी. आधी परिमाण काढायचे, दिशा आकृतीवरून. समान मूल्याच्या एका धन आणि एका ऋण प्रभाराच्या मध्यबिंदूवर क्षेत्र शून्य असते, असे अनेकांना वाटते. त्या बिंदूवर दोन बाण काढायला सांगा. दोन्ही ऋण प्रभाराकडेच जातात, म्हणून क्षेत्रांची बेरीज होते. शून्य येते ते दोन्ही प्रभार सजातीय, म्हणजे एकाच चिन्हाचे असताना.

क्षेत्र दाखवायला आकृतीत काढलेली बलरेषा म्हणजे प्रभाराचा मार्ग नव्हे. रेषेची स्पर्शिका त्या बिंदूवरच्या बलाची दिशा सांगते, एवढेच. आणि दोन रेषांमधल्या कोऱ्या जागेतही क्षेत्र असतेच.

घर्षणाने प्रभार ‘तयार’ होतो, हे वाक्य वर्गात उच्चारूच नये. इलेक्ट्रॉन एका वस्तूवरून दुसरीवर जातात. प्रोटॉन जागचे हलत नाहीत.

आकर्षण झाले म्हणजे दोन्ही वस्तू प्रभारित, हाही घाईचा निष्कर्ष. कागदाचे कपटे प्रभारित नसतानाही कंगव्याकडे ओढले जातात, कारण कंगव्याजवळच्या त्यांच्या बाजूला विजातीय प्रभार सरकतो. वस्तू प्रभारित असल्याचा खात्रीचा पुरावा प्रतिकर्षणच देते. चिकटलेले काही कपटे थोड्या वेळाने उडून जातात. कंगव्याला टेकून त्यांना त्याचाच प्रभार मिळालेला असतो. हे निरीक्षण मुलांकडून करवून घ्याच.

प्रयोग फसला तर आधी हवेतला दमटपणा पाहा. वस्तूवर ओलाव्याचा पातळ थर बसला की प्रभार निसटून जातो. कंगवा धुऊन पूर्ण कोरडा करा, तेल लावलेल्या केसांवर घासू नका. धातूचा दांडा हातात धरून घासत असाल तर त्यावर प्रभार टिकणारच नाही, तो शरीरातून जमिनीत जातो. त्याला प्लॅस्टिकची मूठ हवी.