वसंतातलं स्कीइंग: उन्हामागे उतार बदला

मार्च-एप्रिलमध्ये सकाळी डोंगरावर नेणारी लिफ्ट सुरू होताच वर धावण्यात अर्थ नसतो. दिवसा वितळलेला बर्फ निरभ्र रात्री गोठतो. सकाळी तो काचेसारखा टणक असतो, स्कीच्या कडा धरतच नाहीत. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सैल झाला की खरी मजा. उत्तर गोलार्धात आधी पूर्वेकडचे उतार मऊ होतात, मग दक्षिणेकडचे, दुपारी पश्चिमेकडचे. बूट घोट्यापर्यंत रुतू लागला की तो उतार सोडा. ओल्या बर्फात स्की अडकून गुडघा पिरगळतो, आणि आखीव मार्गाबाहेरच्या तीव्र उतारांवर हिमस्खलनाचा धोकाही वाढतो. रात्र ढगाळ गेली असेल तर बर्फ नीट गोठलेला नसतो. त्या दिवशी मात्र लवकर जा, लवकर आटपा. रांगा टाळायच्या तर सगळे जेवायला बसल्यावर लिफ्ट गाठा.