बेडकाचा रंग बघून जीन ओळखायचेत? आधी हे बघा

दरवर्षी पहिला मोठा पाऊस पडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर वसईच्या शेतातल्या पिवळ्याधमक बेडकांचे व्हिडिओ फिरतात आणि खाली कोणीतरी टाकतंच, 'विषारी आहेत, हात लावू नका'. अहो, तो आपला साधा मोठा बेडूक, विणीच्या दिवसांत नर पिवळा होतो आणि मग परत मळकट. म्हणून आधी रंग कायमचा आहे का सीझनपुरता ते बघा.

खरे विषारी रंगीत बेडूक, म्हणजे पॉयझन डार्ट फ्रॉग, राहिले मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. त्यातला स्ट्रॉबेरी बेडूक धड इंचभरही नाही, पण पनामाच्या बोकास देल तोरोमध्ये एका बेटावर लाल, दुसऱ्यावर हिरवा, कुठे निळा, आणि जात एकच!

आता फोटो घ्या आणि कातडीतले रंगाचे थर मनातल्या मनात सुटे करा. वर पिवळं-लाल पिगमेंट (रंगद्रव्य), मध्ये उजेड परतवणारे ग्वानिन नावाच्या पदार्थाचे क्रिस्टल, तळाला काळं मेलॅनिन. निळं पिगमेंट नसतंच, तो क्रिस्टलचा खेळ, त्यावर पिवळा थर चढला की हिरवा दिसतो, त्यामुळे 'हिरव्याचा जीन' शोधत बसू नका. खाणंपण विचारा, लाल-पिवळ्यातली कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं खाण्यातून येतात, टँकमध्ये नुसत्या फळमाश्यांवर वाढलेला लाल बेडूक फिका पडू शकतो आणि त्यात जीनचा काही दोष नाही.

मग कागद. बोकास देल तोरोतल्याच बास्तिमेंतोस बेटावर लाल आणि पिवळे स्ट्रॉबेरी बेडूक एकत्र राहतात, तिथल्या बेडकांच्या ब्रीडिंगमधून दिसलं की हा एकाच जीनचा मामला आहे आणि लाल पिवळ्यावर भारी, म्हणजे दोन्ही असले तर दिसतो लालच. पिल्लाला जीनची एक प्रत आईकडून, एक बापाकडून. लालला ल, पिवळ्याला प, चार चौकोन काढा. आईबाप दोघं लाल पण दोघांत प लपलेला असेल तर लल, लप, पल, पप, म्हणजे चारात एक पिवळा. आता चार पिल्लांत मोजून एकच येईल असं नाही हां, दरवेळी नाणं नव्याने उडतं.

ठिपक्यांना मात्र हा चौकोन लावू नका. डायिंग (dyeing, म्हणजे रंगवणारा) पॉयझन फ्रॉग नावाच्या जातीत तर प्रत्येकाची नक्षी इतकी वेगळी की फोटोवरून तोच बेडूक परत ओळखतात. आणि नुसत्या रंगावर जात ठरवू नका, सुरिनामचा निळा अझुरियस आधी वेगळी जात धरायचे, आता त्याच डायिंगचा मॉर्फ, म्हणजे एकाच जातीतला वेगळा रंगप्रकार.

हात बसवायला बेडूक नकोच, पॉयझन डार्ट फ्रॉगवर साइट्सचे (CITES, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) नियम आहेत. गॅलरीतले बजरी बघा, आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणतो ते. तिथेही हिरवा निळ्यावर भारी, आणि हिरव्यातलं पिवळं गेलं की निळा.